थोरली आणि माळीकाकांची लिफ्ट

बाहुलीचा हात निखळला तर आमची थोरली रडत नसे. दुसऱ्या बाहुलीचा हात काढून हिला बसवायची. रडायची ती धाकटी, कारण दुसरी बाहुली तिची असे.

आता थोरली बागेत चालवायचे जुने छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करते. ते बनवणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडल्या, सुटे भाग मिळत नाहीत. तेव्हा एक बंद पडलेला ट्रॅक्टर उघडायचा आणि त्याचं जे धड असेल ते दुसऱ्याला बसवायचं. हिने खरोखरची डॉक्टर व्हावं अशी माझी फार इच्छा होती. हिचे वडील म्हणतात, "झालीच आहे की. आणि हिचे पेशंट कुरकुरत नाहीत."

त्यांना विनोद सुचतात, माझा जीव टांगणीला असतो. दिवसभर पोर कुठल्या ना कुठल्या यंत्राखाली आडवी. डबा द्यायच्या निमित्ताने मी शेडवर जाते आणि तिथून लवकर हलत नाही. तिला ते कळतं. एक रिकामा ड्रम माझ्यासाठी पुसून ठेवते.

खेळाच्या मैदानाचे माळीकाका आले तेव्हा मी त्या ड्रमवरच होते. त्यांचा ट्रॅक्टर थोरलीपेक्षा वयाने मोठा. त्याच्या पोटाखाली गवत कापायचा पात्यांचा जड डबा असतो आणि सीटशेजारचा लिव्हर ओढला की तेलाच्या दाबाने तो वर उचलला जातो. हीच ती लिफ्ट. काकांची लिफ्ट म्हातारी झाली होती. उचललेला डबा हळूहळू खाली येऊन बसायचा आणि मैदान खरवडायचा. खुब्याच्या ऑपरेशननंतर काकांना तो हाताने उचलवत नव्हता. मैदानाचे मॅनेजर म्हणाले होते, हे जमत नसेल तर गवताचं काम बाहेर देऊ.

"घरी बसलो तर सून भाजी निवडायला बसवेल," काका म्हणाले. हसत म्हणाले, पण टोपी हातात घेऊन नुसती फिरवत राहिले.

शेडमागे त्याच घराण्यातला, पण थोडा नंतरचा एक ट्रॅक्टर पडून होता. इंजिन जाम झालेलं, लिफ्ट मात्र ठणठणीत. थोरलीने त्याचा सिलिंडर आणि व्हॉल्व काढून काकांच्या ट्रॅक्टरला बसवले. बोल्ट न् बोल्ट जुळला. चालवून पाहिलं तर सगळं उलटं. काकांची सवय अशी, की लिव्हर ओढला की डबा वर, ढकलला की खाली, आणि पार शेवटपर्यंत ढकलला की तो एका खाचेत अडकून डबा मोकळा सुटतो, म्हणजे जमिनीच्या चढउतारावरून आपोआप सरकत जातो. नव्या व्हॉल्वमध्ये ओढलं की खाली आणि ढकललं की वर.

काका म्हणाले, राहू दे, शिकेन मी, सुनेच्या हातचं खायला शिकलो तसं हेही शिकेन. थोरलीला ते पटलं नाही. समोर अचानक कुत्रं आलं की हात विचार करत नाही, जुन्या वाटेनेच जातो, असं तिचं म्हणणं. मग तिने व्हॉल्वला जोडलेल्या तेलाच्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. आता ओढल्यावर डबा वर गेला. काका इतके खूश झाले, की त्यांनी लिव्हर आणखी ओढला, पार शेवटपर्यंत.

डबा धाडकन खाली आला.

आगीतून फुफाट्यात. नळ्या बदलल्याने वर-खाली सरळ झालं होतं, पण मोकळं सोडणारी खाच व्हॉल्वमध्येच होती, ओढायच्या टोकाला. ती जागची हलली नव्हती, आता ती 'वर'च्या टोकाला आली होती. डबा थोरलीने आधीच खाली सरकवून ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर अडकला आणि ठोकळ्याशेजारीच सांडलेलं तेल पुसणारा तिचा हात होता.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

"आई, ठोकळा होता."

"आणि नसता तर?"

"तर हात घातलाच नसता."

काका लिव्हरवरचा हात मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "पोरी, जाऊ दे. माझ्यापायी नको."

"काका, चूक माझी झाली. खाचेचं मला सुचायला हवं होतं. उद्या या."

मी जेवणाचा डबा आवरला आणि घरी येऊन ह्यांच्याशी उगाच भांडले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिने नळ्या पुन्हा आधीसारख्या लावल्या होत्या. लिव्हर आणि व्हॉल्व यांच्यामध्ये मधोमध खिळलेली एक लोखंडी पट्टी आली होती, बागेतल्या सी-सॉसारखी. लिव्हर मागे आला की पट्टीचं दुसरं टोक पुढे जायचं. त्यामुळे वर-खाली तर सरळ झालंच, खाचही काकांच्या ओळखीच्या जागी आली. पहिली पट्टी वाकली म्हणून तिने जाड पट्टीची दुसरी केली होती.

तरी तिने ट्रॅक्टर दिला नाही. काकांना सीटवर बसवलं, फाटकाकडे बघायला सांगितलं आणि गप्पा काढल्या. सूनबाई कशा आहेत, काल भाजी कोणती होती. मध्येच म्हणायची, "वर." मध्येच, "मोकळा." काका सुनेची तक्रार सांगत होते आणि हात आपलं काम करत होता. एकदाही चुकला नाही.

"न्या," थोरली म्हणाली.

आठवड्याने ते पुन्हा आले ते मॅनेजरांचं सांगायला. कुंपणालगतच्या उतारावरचं गवतसुद्धा एकसारखं कापलेलं बघून साहेब म्हणाले होते, हा ट्रॅक्टर चालतोय तोवर काम तुमच्याकडेच.

"म्हणजे आता मला ट्रॅक्टरची तब्येत सांभाळायला हवी," काका म्हणाले.

"ती मी सांभाळते. तुम्ही तुमचा खुबा सांभाळा," थोरली ट्रॅक्टरखालून म्हणाली. मी वाकून पाहिलं, ठोकळा जागेवर होता. मग ड्रमवर काकांसाठी जागा केली.