भेगेवरचा तक्ता

साहेब येणार म्हटलं की आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या अंगात येतं. शाळा झाडायची, रांगोळी घालायची, जे गळकं-फुटकं असेल ते झाकायचं. हे कोणी शिकवत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अंगवळणी पडतं, आणि माझं तर निवृत्तीपर्यंत सुटलं नाही.

देवगाव रंगारीच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते. रोज हर्सूलहून एसटीनं जायची. शाळेला खोल्या दोनच. तिसरी-चौथीच्या खोलीत छतापासून भिंतीत उतरलेली मोठी भेग होती. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपायचं आणि प्लास्टरचे पोपडे मुलांच्या वह्यांवर पडायचे.

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष एक शेतमजूर बाई होती. बौद्ध वस्तीतली, स्वतः चौथी शिकलेली. तिची मुलगी त्याच खोलीत बसायची. नव्या खोलीचा ध्यास तिनंच घेतला. मजुरी बुडवून ती माझ्याबरोबर शहरातल्या जिल्हा परिषदेच्या ऑफिसात यायची. निवेदन द्यायचं, ते साहेबांसोबत धरून फोटो काढायचा, ‘बघतो’ ऐकून परत फिरायचं. भिंतीवर दर्जेदार शिक्षणाचे फलक मात्र दर खेपेला नवे असत. त्यांना पैसा कधी कमी पडला नाही.

चौथ्या खेपेला ती टेबलापुढून हललीच नाही.

“साहेब, फोटो ऱ्हाऊ द्या. एकदा येऊन छत बघा,” म्हणाली.

आणि खरंच पाहणीची तारीख मिळाली.

मग मी काय केलं? शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून कार्डशीट आणि पताकांचा कागद आणला. भिंतीला चुना मारून घेतला, छताखाली पताका ताणल्या आणि भेगेवर पाढ्यांचा भला मोठा तक्ता लावला. पाहणीच्या दिवशी सकाळी अध्यक्षबाई आली आणि बघतच राहिली.

“बाई, हे झाकता कशाला? तेच तर दाखवायचं हाय.”

“अहो ताई, साहेबांना असली कळकट शाळा दाखवायची का? तोंडी सांगू की आपण.”

ती रांगोळीच्या कामाला लागली. मी शिकलेली, म्हणून माझं खरं असेल असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं, याची आज लाज वाटते.

साहेब आले. लख्ख ऊन पडलेलं. शाल, नारळ, मुलींचं स्वागतगीत झालं. साहेबांनी मान वर केली ती पताका बघायला. “शाळा छान ठेवलीय हो मॅडम!” म्हणाले. मी भेगेचं सांगत होते, ते चहा पीत हो-हो करत होते. शेवटी अहवाल माझ्यापुढं आला. त्यात लिहिलं होतं, इमारत सुस्थितीत. खाली मुख्याध्यापकाची सही लागत होती. मी नीट वाचलं. गाडी सुरू होती, साहेब घड्याळ बघत होते. मी सही केली.

खोली नामंजूर झाली. पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी त्या छताचं-भिंतीचं प्लास्टर तक्त्यासकट खाली आलं. सोमवार असता तर, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही. खोलीला कुलूप लागलं आणि पोरं विहाराच्या ओट्यावर बसू लागली.

पुन्हा मागणी केली, तेव्हा ऑफिसातल्या बाबूनं जुना अहवाल काढून आमच्यापुढं सरकवला. ‘तुम्हीच तर लिहून दिलंय,’ म्हणाला. अध्यक्षबाईनं कागद उचलला आणि एकेक अक्षर लावत वाचला.

“बाई, ही सही कोणाची हाय?”

“माझी.”

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी सरकारवर खूप चिडते, अजूनही चिडते. गरिबांच्या शाळेला द्यायची वेळ आली की यांचा हात आखडतो, हे मी कुठंही सांगेन. पण नकार द्यायला त्यांना जो कागद लागला, तो मी पुरवला होता.

पुढचं निवेदन तिनं मुलीकडून लिहून घेतलं. त्यावर तिची सही होती, वस्तीतल्या बायकांच्या सह्या होत्या, म्हाताऱ्यांचे अंगठे होते. माझी सही तिनं मागितली नाही.