पायरीवरचा चहा

आमच्या मुलांना मनाचे आजार आहेत, म्हणून आम्ही काही आईबाप दर रविवारी एकत्र बसतो. बाकीचे आजाराचं नाव कुजबुजत घेतात. आमच्यातली अक्का मात्र भाजीचा भाव सांगावा तसं खणखणीत म्हणते, "माझ्या पोराला स्किझोफ्रेनिया हाय." एमआयडीसीत टॉवेल शिवताना यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवायची सवयच लागलीय तिला. नवी आई आली की तिच्या लेकराचं ती काही विचारत नाही. "तू जेवलीस का?" एवढंच.

माझी लेक दवाखान्यातून सुटली तेव्हा अक्का आमच्याबरोबर रिक्षातून घरापर्यंत आली. गल्लीतली बायामाणसं दारात येऊन बघत होती. मी लेकीला घाईनं आत न्यायला लागले, तशी अक्का बाहेर पायरीवरच बसली.

"अक्का, आत चला की."

"कशाला? पोरीनं चोरी केलीया व्हय? बस गं पोरी हितं माज्याजवळ. आन् तू च्या भायेरच आण." मग समोर बघून म्हणाली, "मनाच्या दवाखान्यातनं आलीया पोरगी. काय इचारायचं ते मला इचारा!"

आम्ही तिघी पायरीवर चहा प्यालो. लेकीनं आणखी अर्धा कप मागितला, आणि मी तो सगळ्यांदेखत भरून आणला.