सातव्या मजल्यावरचा फ्लॅट पोरींना चालेल का?

“कामाले आल्या का बाई? मंग मांगच्या गेटनं जा.”

गार्ड असं म्हणाला आणि मी त्या बिल्डिंगवर मनातल्या मनात काट मारली. आत मॅनेजर माझी वाट पाहत होता. त्यानंच मला बोलावलं होतं. पण ते मी गार्डला सांगितलं नाही. ते सांगायचं नसतं.

मी यवतमाळात रूम दाखवण्याचं काम करते. आधी मेस चालवायची. जेवायला येणारी पोरं-पोरी रूम विचारायची, मी शोधून द्यायची. गुडघे गेले तेव्हा मेस बंद केली आणि हेच काम उरलं. आजूबाजूच्या खेड्यांतले आईबाप पोरीला शहरात ठेवायची झाली की मला विचारतात. मी चांगली म्हटलेली जागा ते पुन्हा पाहत नाहीत. म्हणून मला पाहावी लागते.

माझी पाहण्याची एक रीत होती. पहिल्या खेपेला जुनं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन जायचं आणि ओळख द्यायची नाही. पोरीची आई नाहीतर आजी अशीच येणार असते. तिला कसं वागवतील ते गेटवरच कळतं. ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणाले तर जागा चांगली. अडवलं तर जागा नको. बरीच वर्षं मी असंच ठरवत आले.

मॅनेजरचं नाव गावंडे. मी फोन केल्यावर तो धावत खाली आला.

“अरे, ह्या आपल्या मावशी! मीच तं यायले बोलावलं होतं.”

गार्डनं सलाम ठोकला. मी म्हटलं, “आता कायले सलाम? कामवालीले कर एखाद दिवशी.”

बिल्डिंग भर चौकात. खाली कपड्यांचं दुकान, वर सात मजले. फ्लॅट घेणारे लोक पुण्याला, नाहीतर परदेशात. फ्लॅट नुसते पडून. गावंडेला तिथं स्टुडंट आणि नोकरीवाली पोरं ठेवायची होती, शेअरिंगमध्ये. शेअरिंग म्हणजे तीन-चार जणांनी एक फ्लॅट घ्यायचा आणि भाडं वाटून द्यायचं. तसं केलं की महागाची जागाही परवडते, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

“मावशी, तुम्ही फक्त हो म्हणा. बोर्डावर ‘स्टुडंट्स वेलकम’ लिहून टाकतो.”

“लिहिल्यानं कोणी येते का बापू? आधी पाहू दे.”

मला खरं तर घाई होती. काजल राठोडसाठी जागा पाहिजे होती. काजल नेरच्या पुढच्या एका तांड्यावरची. इथं एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते, रक्त तपासते. दुपारची ड्युटी असली की सुटायला रात्रीचे नऊ वाजतात. ती ज्या घरी राहत होती, तिथं त्याच आठवड्यात एक माणूस आला. हा माणूस दवाखान्यापासून तिच्या मागं लागलेला होता. घरमालकिणीला म्हणाला, मी काजलचा मामेभाऊ, गावाहून आलो. मालकिणीनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि वरची रूम दाखवली. काजलनं आतून कडी घातली आणि आरडाओरडा केला. गल्ली जमली तेव्हा तो पळाला. पोलिसांत तक्रार दिली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप शामराव माझ्या घरी आला. आवाज चढवला नाही.

“बाई, सोमवारपर्यंत चांगली जागा भेटली तं ठीक. नाई तं मी पोरीले तांड्यावर नेतो. नोकरी गेली तं गेली.”

ते घर मीच दिलं होतं. मालकीण भली बाई. पहिल्या दिवशी मलाही चहा-पोहे दिले होते.

तर सातवा मजला. लिफ्टला जनरेटर जोडलेला, म्हणजे लाईट गेली तरी माणूस मधे अडकत नाही. पाण्याला स्वतःची बोअर आणि मोठी टाकी. उन्हाळ्यात यवतमाळचा नळ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे ही मोठी गोष्ट. फ्लॅट फर्निश्ड, म्हणजे पलंग, कपाटं, गाद्या सगळं घरमालकाचं. सोफा पांढरा. त्यावर कोणी भाजी सांडली की डिपॉझिटमधून कापणार. तीन खोल्यांत तीन एसी. भिंतीवर दार मावेल एवढा टीव्ही. बसून लिहायला टेबल मात्र एकही नाही.

“अभ्यास कुठी करतीन रे?”

“मावशी, आजकाल पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊनच अभ्यास करतात.”

“तू केला होता का?”

“आमच्या टाइमले लॅपटॉप कुठी होता?”

“म्हणून तं मॅनेजर झाला.”

स्वयंपाकघरात काळ्या काचेची विजेची शेगडी. वर गॅस सिलिंडर न्यायचा नाही, असा नियम. मी गावंडेला विचारलं, ज्वारीची भाकरी यावर फुगेल कशी? तिला शेवटी जाळ लागतो. तो म्हणाला, पोळी मागवता येते. गॅलरीत कपडे वाळत घालायची बंदी. खालून बिल्डिंग वाईट दिसते म्हणे.

मग मी फ्लॅटचा व्हिडिओ दोन पोरींना दाखवला. दोघी भरतीच्या परीक्षांची तयारी करतात. अभ्यासिकेत, म्हणजे खुर्ची भाड्यानं घेऊन अभ्यास करायच्या हॉलमध्ये, सकाळपासून बसतात. घरचा डबा एसटीनं येतो तो स्टँडवरून आणतात. दोघींनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

“मावशी, लय भारी हाय. पण इथं आमी पास नाई होत.”

“काहून?”

“एसी लावून झोपूनच राहू ना! अन् अभ्यासिका तिकडं दूर, डबा तिकडं. जाण्यायेण्यातच दिवस जाईन. आमाले तं पाठ टेकवाले जागा पाह्यजे, एवढंच.”

स्टुडंटचा निकाल लागला. नको. राहिली नोकरीवाली काजल. तिला मी फोनवर सांगितलं, ही जागा तुझ्यासाठीही नाही. गार्डनं मला मागच्या गेटनं जायला सांगितलं. उद्या तुझ्या आईला असंच पाठवेल.

ती म्हणाली, “मावशी, याडी महिन्यातून एकडाव येते. मी रोज येतो-जातो. नऊ वाजता आली तं मले कोणी कायले येळ झाला म्हणून इचारणार नाई, अशी जागा तुमच्याजवळ दुसरी हाय का?”

याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. दुसरी जागा माझ्याजवळ नव्हती. दोन होत्या, पण तिथं आठ वाजता गेटला कुलूप. मी म्हटलं, रविवारी तुझे वडील आले की बोलू.

रविवारी शामराव माझ्या घरी आलाच नाही. पोरीनं पत्ता सांगितला होता, तो एसटीतून उतरून थेट बिल्डिंगवर गेला. मला गावंडेचा फोन आला.

“मावशी, लवकर या. तुमचा माणूस गेटवर बसला हाय. गार्ड सोडून नाई राह्यला.”

“तू सोड ना मंग!”

“मी अमरावतीले हाय. अन् ॲपवर हो आल्याशिवाय गार्ड माझंही नाई ऐकत.”

ॲपचं असं आहे. पाहुणा आला की गार्ड मोबाइलवरून वरच्या फ्लॅटला विचारतो. वरच्यानं हो दाबलं तर गेट उघडतं. हा फ्लॅट रिकामा, हो दाबणार कोण? काजल ड्युटीवर, तिचा फोन लॉकरमध्ये.

मी ऑटो केला. वाटेत ठरवूनच टाकलं की आता हा माणूस चिडलेला असणार आणि पोरगी उद्या तांड्यावर जाणार.

शामराव गेटच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. डोक्याला पांढरा रुमाल, पायाशी तुरीच्या डाळीचं पोतं. हातात गार्डनं दिलेली पाण्याची बाटली. तासभर झाला होता.

मी गार्डवर ओरडले. “काहून रे, बापाएवढा माणूस उन्हात बसवते?”

“सावलीत बसवलं ना मावशी. खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. पण आत कसा सोडू?”

शामराव म्हणाला, “बाई, त्याले नका बोलू. म्या त्याच्यासंग भांडून पाह्यलं. पोरगी इथं राह्याले येणार हाय, मी तिचा बाप हावो, जागा पाहू दे म्हटलं. आधार कार्ड दाखवलं. डाळ देतो म्हटलं. शेवटी शिवी देल्ली. नाई सोडलं त्यानं.”

“मंग? नको ना ही जागा?”

“काहून नको?” तो माझ्याकडं असा पाहू लागला की जणू मीच तांड्यावरून पहिल्यांदा शहरात आले. “मी सख्खा बाप असून मले आत नाई जाता आलं. मंग तो मामेभाऊ कसा जाईन?”

भल्या मालकिणीनं मला पोहे दिले म्हणून मी ते घर पास केलं होतं. तिनं त्या माणसाला चहाही त्याच चांगुलपणानं पाजला. गावाहून आलो म्हटलं की आपल्याकडं कोणी नाव विचारत नाही, आधी पाणी देतात. मी त्यालाच मार्क देत आले होते.

दुपारी काजल सुटून आली. गावंडेला फोन लावून तिनं ॲपवर त्या फ्लॅटला स्वतःचं नाव जोडून घेतलं, स्वतःच हो दाबलं आणि बापाला वर नेलं. शामरावनं फ्लॅट फार पाहिला नाही. दाराची कडी दोनदा लावून पाहिली. काळ्या शेगडीवर हात फिरवला आणि पोरीला विचारलं, “याच्यावर वरण होते?”

“होते, बापू.”

“मंग झालं.”

सोमवारी काजल सामान घेऊन आली. तिच्याच लॅबमधली एक मुलगी आणि बँकेतली एक, अशा तिघी झाल्या. सहा महिने झाले. आई येते तेव्हा काजल आधीच ॲपवर नाव टाकून ठेवते, मग गार्ड पोतं स्वतः लिफ्टपर्यंत नेतो. भाकरी खायची झाली की तिघी माझ्याकडं येतात. कपडे खोलीत वाळतात आणि वास येतो, त्याला इलाज नाही.

गावंडेला मी सांगितलं, बोर्डावर स्टुडंट लिहू नको. ज्यांना पगार आहे आणि ज्यांच्या ड्युटीची वेळ ठरलेली नाही, त्यांना ही जागा चालते. जे दिवसभर अभ्यासिकेत बसतात, त्यांना चालत नाही. त्यानं तरी लिहिलं. चार पोरं आली आणि दोन महिन्यांत गेली. पांढऱ्या सोफ्यावर भाजी सांडली होती.

मी माझी रीत बदलली. आता नव्या जागी गेले की गेटवर सांगते, वर राहणाऱ्या पोरीची मी मावशी, गावाहून आले. पिशवी असतेच हातात. लगेच आत घेतलं, तर ती जागा मी मुलींना दाखवत नाही.