थोरल्या काकींची बोट

थोरल्या काकी कुठल्याही गोष्टीवर आधी बसून बघत आणि मगच मत देत. नवा पलंग असो, गालिचा असो, नाहीतर छकडा. "डोळं फसत्यात, बूड फसत न्हाय," असं त्या भर पंगतीत म्हणत आणि वाढप्याच्या हातातली पळी थबके. त्यांचा ऐसपैस देह या कामाला अगदी योग्य होता.

महाराजांच्या दारात मोटार आली, तेव्हापासून आमच्या आबासाहेबांना, म्हणजे थोरल्या काकांना, चैन नव्हतं. रस्त्यावर महाराजांशी बरोबरी करणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी पाण्यात उतरायचं ठरवलं. निमित्त काय, तर घरच्या बायकापोरांना कळंब्याच्या तळ्यावर हवा खायला न्यायचं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दोन मोटारबोटी पारखायला धाडल्या. एक सडपातळ, पितळेने मढवलेली, चार माणसांची. दुसरी रुंद, बेढब, बारा माणसांची.

व्यापाऱ्याचा माणूस पहिलीच्या वेगाचं कौतुक सांगू लागला. काकींनी त्याला मध्येच तोडलं. "एवढ्या घाईनं जायचं कुठं?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची सासुरवाडी गारगोटीला हाय, पलीकडच्या काठाला न्हाय!"

"बायकांना त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून आबासाहेब त्या माणसाला घेऊन सडपातळ बोटीतून भर्रकन निघून गेले. काकींनी तेवढ्यात आम्हा सगळ्यांना रुंद बोटीत भरलं. माझी आई दहा वर्षं कोल्हापुरात नांदत होती, पण तळं तिने गाडीच्या पडद्याच्या फटीतूनच पाहिलेलं. आमच्या गिरणीचं इंजिन सांभाळणारे बाबालाल मिस्त्री सुकाणूवर होते. मधोमध गेल्यावर काकींनी इंजिन बंद करायला लावलं आणि भाकरीचं गाठोडं सोडलं.

आबासाहेब घिरट्या घालून आले. "चला काठाला! ही धाकली घेतली मी."

"घ्या की. त्यात घरातली कुठली चार माणसं बसायची, तेवढी नावं सांगा."

आबासाहेबांनी तोंड उघडलं. त्यांच्या मनातल्या तिघा मित्रांची नावं घरातली नव्हती. त्यांनी बोट काठाकडे वळवली.

"मग आम्ही न्हाय उठत," काकी म्हणाल्या आणि त्यांनी लोणच्याची बरणी काढली.

दुपार कलली. बाबालाल अजिजीने म्हणाले, "वैनीसाहेब, मला तरी सोडा. नमाजाची वेळ झाली."

"हितंच पढा की. वजूला पाणी कमी हाय व्हय?"

आम्ही पोरांनी सरकून जागा केली. मिस्त्रींनी फळीवर नमाज पढला. नऊ बायका, सहा पोरं आणि एक नमाजी, एवढं ओझं असूनही बोट जराही कलली नाही. काठावरून आबासाहेब उपाशीपोटी ओरडले, "रुंदच घेतो, पण भाकरी घेऊन या आता!"

पुढची चार वर्षं आम्ही तळ्यावर जात राहिलो. मग तापाच्या साथीत काकी गेल्या. आबासाहेब तळ्याकडे फिरकेनात. एक दिवस त्यांनी गिऱ्हाईक बोलावलं.

थोरल्या दिरासमोर एक शब्दही न बोललेली माझी आई डोक्यावरचा पदर सावरत दारात आली. "आबासाहेब, बोट विकायची न्हाय."

गिऱ्हाइकाला त्यांनी हातानेच जायला सांगितलं. "बाबालाल आता थकले," ते म्हणाले. "चालवणार कोण?"

"मी," आई म्हणाली. "जाऊबाईंनी बाबालालकडून शिकवून घेतलंय मला."