पट्टी सोडणारं दुसरं माणूस

"दीड सेंटिमीटर? दोन? परत दीड?" मी वही टेबलावर आपटली. "वैदेही, अगं हे माणसाचं रीडिंग आहे की पालीचं?"

वैदेही चौदा वर्षांची. शाळेत जात नाही, घरीच शिकते. वडील फौजेत. बदल्यांपायी पाच वर्षांत चार शाळा झाल्या, तेव्हा आईने शाळेचा नादच सोडला आणि पुस्तकं घरी आणली. देवळाली कॅम्पात त्यांचं क्वार्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी मी सातपूरहून दोन बस करून, सामानाची पेटी सांभाळत, तिचे सायन्सचे प्रयोग घ्यायला जायचो. मी काही शिक्षक नव्हे. एका शाळेत एकतीस वर्षं लॅब असिस्टंट होतो. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, अ‍ॅसिड कुलपात ठेवायचं आणि सरांचा प्रयोग फसला की गुपचूप निस्तरायचा. मला ‘सर’ म्हणायला लागले ते रिटायर झाल्यावर, या घरी शिकणाऱ्या पोरांचे आईबाप.

प्रयोग अगदी साधा. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी वरून उभी धरायची. दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. पट्टी किती घसरली त्यावरून रिअ‍ॅक्शन टाइम निघतो, म्हणजे डोळ्यांना दिसल्यापासून बोटं मिटेपर्यंत गेलेला वेळ. चपळ पोरांचंही रीडिंग पंधरा-वीसच्या आसपास येतं. दीड मी तरी कुणाचं पाहिलं नव्हतं.

प्रयोग न करताच आकडे टाकले, तर लॅबमध्ये आम्ही त्याला रीडिंग शिजवणं म्हणायचो. असले स्वयंपाकी मी ढिगाने पाहिलेत. पण हिने शिजवावं याचा मला राग आला, आणि राग येण्याला आणखी एक कारण होतं.

त्याच सकाळी दारातच तिच्या आईने मला थांबवलं होतं. "सर, जूनमध्ये हिला नववीला शाळेत घालायचं की दहावीपर्यंत घरीच ठेवायचं, ते ह्यांना आज कळवायचंय. माझा काही निर्णय होत नाही. तुम्ही तिला जवळून बघता. तुम्ही म्हणाल तसं करू."

माझं उत्तर तयार होतं. घरीच. शाळेत एका उपकरणाभोवती दहा पोरं, इथे सगळं हिच्या एकटीच्या हातात, वगैरे वगैरे. हे सगळं खरंही आहे. पण आता लपवून काय करू? बायको जाऊन चार वर्षं झाली. शुक्रवारी कॅम्पातून घरी आलो की तोंड मिटायचं, ते मंगळवारी उघडायचं. मधे दूधवाला आणि टीव्ही. हे घर सुटलं तर मी बोलणार कुणाशी, हा हिशेब माझ्या उत्तरात होता. आणि त्यात ही पोरगी रीडिंग शिजवतेय म्हटल्यावर माझ्या उत्तराची पंचाईतच झाली.

"शिजवलंस ना? खरं सांग."

"नाही सर. वीसच्या वीस वेळा केलं."

"मग कर बघू माझ्यासमोर."

ती उठली. डाव्या हाताने पट्टी वरून धरली. उजव्या हाताची बोटं खाली उघडी ठेवली. सोडली, पकडली. दोन सेंटिमीटर.

माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. सोडणारी तीच, पकडणारी तीच. पट्टी कधी सुटणार हे उजव्या हाताला आधीच ठाऊक! रीडिंग दीडच येणार. पोरीने एका आकड्याचीही लबाडी केली नव्हती.

"अगं बाई, याला दुसरं कोणीतरी लागतं ना!"

"कोण?" तिने विचारलं.

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाबा सीमेवर. आई दहा ते सात ऑफिसच्या कॉलवर. शेजारची पोरं शाळेतून आली की क्लासला पळतात. "मला वाटलं, हात दोन आहेत, चालेल," ती म्हणाली.

 प्रयोगाच्या सूचनांचं कार्ड मीच लिहून दिलं होतं, ‘जोडीदाराने पट्टी सोडावी’. शाळेतलं जुनं कार्ड जसंच्या तसं उतरवलेलं. लॅबमध्ये एका टेबलावर निदान दोन रोल नंबर असायचेच. इथे जोडीदार कुठून येणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

मग पट्टी मी धरली. अठरा, एकवीस, सतरा. माणसाची रीडिंग्ज. "सर, आता तुम्ही," ती म्हणाली. पहिल्यांदा सत्तावीस. दुसऱ्यांदा पट्टी सरळ फरशीवर! ती खो खो हसली. इतकी, की आई हेडफोन उतरवून बघायला आली. एवढ्या महिन्यांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

चहा देताना आईने पुन्हा विचारलं, "मग काय सांगू ह्यांना?"

वैदेही वहीत डोकं घालून बसली होती, पण लिहीत नव्हती.

"शाळेत घाला, ताई."

"पण तुम्हीच तर म्हणायचात, इथे सगळं सामान तिच्या एकटीच्या हातात येतं."

"तेच चुकतंय. एकटीच्या हातात येतं."

 वैदेहीची पेन्सिल चालायला लागली.

जूनमध्ये ती शाळेत गेली. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. लॅब पार्टनर फार बडबडी आहे, परीक्षानळी फोडली आणि नाव हिचं सांगितलं, अशी तक्रार. आवाज खूश होता. नंतर फोन नाही. येऊही नये, तिला आता कामं आहेत. मंगळवार मात्र मला जड जातो, हे कबूल करतो.

आता नवी दोन घरं मिळालीत, तिथे मी प्रयोग घेतो. तिथली कार्डं नव्याने लिहिली. ‘साहित्य’ या मथळ्याखाली आता पट्टी एक, कॅल्क्युलेटर एक, माणसं दोन असं लिहितो. लॅबमध्ये माणसं कधी मोजावी लागली नव्हती, म्हणून यादीत घ्यायची राहिली. एका आईने विचारलं, दुसरं माणूस घरात नसेल तर? मी म्हटलं, कधीही फोन करा, मी येतो पट्टी सोडायला.

अजून कुणाचा आलेला नाही.