झाडांचं कौतुक

शहराच्या मधोमध, मोठ्या चौकात, एक तीन मजली जुनी इमारत होती आणि तिच्या जिन्याखाली चेनवाल्या काकू बसत. पिशवी, पर्स, जाकीट, दप्तर, कशाचीही चेन बिघडली की लोक त्यांच्याकडे येत. दोन पकडी, चेन ओढायच्या रनरांचा डबा, मेणाचा तुकडा आणि एक स्टूल, एवढंच दुकान. जिन्याखाली ताठ उभं राहता येत नसे, पण काकू मुळातच बुटक्या. "देवानं माप घेऊनच दिलीय मला ही जागा," असं त्या हसून म्हणायच्या आणि सकाळी बसण्याआधी पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायच्या. नवरा गेल्यावर याच जागेनं त्यांचा मुलगा वाढवला होता.

चेन बसेपर्यंत माणूस काही गप्प राहत नाही. त्यामुळे चौक पाडून नवा बांधायची योजना आली, तेव्हा अख्ख्या चौकाची मतं काकूंच्या कानावरून गेली. औषधवाल्यांना गाड्या लावायला जागा हवी होती. वरच्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट हवी होती. "एकदा लिफ्टनं खाली येऊ दे, मग वर जायला मी मोकळी," त्या म्हणायच्या. कॉलेजच्या मुलींना बसायला बाकं हवी होती. शेजारच्या घड्याळवाल्यांना मात्र काहीच नको होतं. "पाडा म्हणावं. आधी माझ्या डोक्यावर पाडा." काकू हूं हूं करत रनर चढवायच्या. त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की नव्या चौकात हा जिना राहणार का, आणि जिन्याखाली आपण.

मग पालिकेनं एका सभागृहात नव्या चौकाची प्रतिकृती मांडली आणि लोकांना मतं द्यायला बोलावलं. काकू ठेवणीतले कपडे घालून घड्याळवाल्यांबरोबर गेल्या. टेबलावर पुठ्ठ्याचा चौक होता. त्यांनी वाकून आपली इमारत शोधली. तिथं काच होती, वरपासून खालपर्यंत नुसती काच. जिना कुठंच दिसेना. विचारावं म्हणून मान वर केली, तर समोर एक कोवळी पोर उभी. हातात लोकांची मतं टिपायचा रेकॉर्डर, अंगठ्याला चिकटपट्टी.

"बोटाला काय झालं ग?"

"ब्लेड लागलं, काकू. ही झाडं कापताना. सगळी मीच केलीत."

काकूंनी झाडं पाहिली. स्पंजची, नखाएवढी, प्रत्येकाला तारेचं खोड. हातानं काम करणाऱ्याला दुसऱ्याच्या हातचं काम दिसलं की राहवत नाही.

"सुंदर केलंयस ग. मला फार आवडलं बघ."

पोरगी खुलली. कुणीतरी दोघींचा फोटो काढला. मागून रांग सरकली, तिकडे घड्याळवाल्यांचा आवाज चढला, त्यांना आवरता आवरता जिन्याचं विचारायचं राहूनच गेलं.

काही आठवड्यांनी इमारतीभोवती पाडकामाचे पत्रे लागले. जिन्याकडे जायला एक फट तेवढी उरली. आणि पत्र्यांवर, चांगला पुरुषभर उंच, काकूंचा हसरा चेहरा लागला. शेजारी मोठ्या अक्षरांत: 'सुंदर! मला फार आवडलं.' खाली: 'चौकातल्या जुन्या व्यावसायिक'.

घड्याळवाले येऊन फटीत उभे राहिले. "काकू, आम्ही तिथं घसा फोडत होतो आणि तुम्ही हे बोलत होतात?"

"अहो, मी झाडांना म्हटलं."

"कुठल्या झाडांना?"

घरी सुनेनं मोबाइलवर तो फोटो पाहिला. "आई, आलाय मात्र छान," एवढंच म्हणाली आणि ताट वाढलं. हसली नाही.

दुसऱ्या दिवशी काकू पालिकेत गेल्या. खिडकीतले साहेब सज्जन होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"तक्रार असती तर मागे घेता आली असती, बाई. कौतुक मागे घ्यायची सोय नाही. आणि मतं घ्यायचं आता बंद झालंय."

"मग माझी जागा?"

"जिन्याखालची का? ती जागा म्हणून नकाशात नाही. जिना म्हणून आहे. आणि जिना जाणार."

काकूंनी सवयीनं त्यांना थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन जीभ चावली.

गिऱ्हाइकं कमी झाली. पत्र्यावरचा चेहरा ओळखून एखादं विचारायचं, "या बाई बसतात कुठं?" पण फट कुणाला दिसत नसे. एका दुपारी फटीतून वाकून ती पोरगीच आत आली. तिच्या बॅगेची चेन फाकली होती. अंगठ्यावर आता बारीक पांढरा व्रण होता. काकूंनी बॅग मांडीवर घेतली, जुना रनर काढला.

"मी झाडांबद्दल बोलले होते ग."

"माहितीये मला, काकू." तिनं मान खाली घातली. "मी सांगितलं त्यांना. पण माझं कोण ऐकतंय तिथं."

काकूंनी नवा रनर चढवला, पकडीनं दाबला, चेनच्या दातांवरून मेण फिरवलं.

"ती झाडं तरी लावणारेत ना?"

पोरीनं अंगठ्यावरचा व्रण चोळला. "ते अजून ठरलेलं नाही."

काकूंनी चेन वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर ओढून बंद केली आणि बॅग तिच्या हातात दिली.

"जपून जा," त्या म्हणाल्या. "डोकं वाकव. पत्रा लागेल."