पाच वेळा लोकार्पण झालेली गाडी

लखीचंद शेठ वारले त्यानंतर महिन्याभरानं पिंपळनेरमधली चार प्रतिष्ठित माणसं कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. शेठनी गावाला रुग्णवाहिका दिली होती आणि ती चालवणाऱ्या समितीच्या अध्यक्षाची खुर्ची आता रिकामी होती. समितीचे सगळे धागे ज्यांच्या हातात, ते ज्ञानेश्वर आबा शेठच्या पत्नीला, प्रेमकुंवरबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काहीएक करायचं नाही. फक्त नाव."

प्रेमकुंवरबाईंनी चहाचे कप उचलता उचलता मान हलवली. 'फक्त नाव' म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या ओट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा नवरा जन्मभर त्यावरच जगला होता. बसस्टँडवर त्यानं पाणपोई बांधली, तर नळ बोटाएवढा आणि नाव हातभर. शाळेच्या बाकांवर नाव, देवळाच्या पायरीवर नाव, स्मशानातल्या सिमेंटच्या बाकावरसुद्धा नाव. म्हणजे प्रेत जळेपर्यंत लोकांनी टेकायचं तेही शेठच्या उपकारावर. रुग्णवाहिकेवर तर ते दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर होतं. आजाऱ्याला आडवं व्हायला जेवढी जागा, त्याहून शेठच्या नावाला जास्त.

ही बाई गावाला नीट ओळखून होती. कापडाच्या दुकानामागे घर, मध्ये एक पडदा. त्या पडद्याआड बसून त्यांनी आयुष्य काढलं. लेकीच्या लग्नाला शालू घेताना जे गिऱ्हाईक तासभर पदर उलगडून बघायचं, तेच गरिबांना वाटायच्या लुगड्यांसाठी आलं की आवाज खाली घेऊन म्हणायचं, "दान द्यायचंय शेठ, हलक्यातलं दाखवा." असे दाते त्यांनी पडद्याच्या फटीतून किती पाहिले असतील! त्यामुळे चार पांढरे कपडे ओट्यावर आले तेव्हा बाईंना भारावून वगैरे काही जायला झालं नाही. ही मंडळी जवळून कशी दिसतात ते बघू तरी, एवढ्याच कुतूहलानं त्या हो म्हणाल्या.

जवळून ती आणखी लहान दिसली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं. झिपरू त्याचं नाव. पन्नाशीचा, कमी बोलणारा, खोटं बोलायचा कंटाळा असलेला माणूस.

"परवा गाडी कुठं गेली होती, झिपरू?"

"वणीच्या गडावर, अक्का."

"पेशंट कोण?"

"आबांची सासू."

"काय झालं होतं त्यांना?"

झिपरूनं जरा विचार केला. "नवस," तो म्हणाला.

त्याआधी गाडी नाशिकला कुणाच्या तरी साहेबाला विमानतळावर सोडून आली होती. त्याच्याही आधी स्ट्रेचर काढून आत भोंगे भरले होते आणि ती प्रचाराला फिरली होती. डोंगराकडच्या पाड्यांवरून फोन आला की समितीचं ठरलेलं उत्तर असायचं: रस्ता खराब आहे, गाडीचे पाटे मोडतील, पेशंटला डांबरीपर्यंत आणा. डांबरी म्हणजे पाड्यापासून दोन डोंगर.

गाडी वापरायला नसली तरी लोकार्पणाला मात्र कायम हजर. पहिलं लोकार्पण शेठच्या हयातीत झालं, ते ठीक. मग निवडणूक आली म्हणून दुसरं. रंग दिला म्हणून तिसरं. ऑक्सिजनची टाकी बसवली म्हणून चौथं. त्याच गाडीसमोर तोच मांडव, त्याच बॉनेटवर नारळ. बॉनेटला त्यानं पोचा पडला होता आणि गावात कुणालाही त्याची लाज नव्हती. आता नवं स्ट्रेचर आलं होतं, म्हणून पाचवं.

त्या दिवशी दुपारी चौकात मांडव पडला. भात लावणीचे दिवस होते, हवा कोंदट होती. गाडीला झेंडूच्या माळा, फुगे, पुढे गुलाबी फीत. बॉनेटवर आबांचा हसरा फोटो असलेलं बॅनर. प्रेमकुंवरबाई पहिल्या रांगेत शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन, एखाद्या मांडून ठेवलेल्या वस्तूसारख्या बसल्या होत्या. पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत आबांचा पुतण्या ललित माइकवरून आबांचं कौतुक करत होता आणि आबा ते ऐकूच येत नसल्यासारखा चेहरा करून एकेक शब्द ऐकत होते.

तेवढ्यात झिपरूचा फोन वाजला. तो बोलला, आणि आबांच्या खुर्चीमागे येऊन वाकला. मोगरपाड्यावर सुपडू नावाच्या माणसाला भाताच्या बांधावर साप चावला होता. त्याला झोळीत घालून लोक खाली निघाले होते.

"पाहुण्यांनी साक्री सोडलं," आबा पुढे बघतच म्हणाले. "फीत कापली की लगेच जा."

बाईंनी शेजारून ऐकलं. "आबा, माणूस मरेल."

"वहिनी, मी दुसरी गाडी पाठवतो ना."

"कोणती?"

मांडवाबाहेर सहा-सात मोटारी उभ्या होत्या. पांढऱ्या, धुतलेल्या, काचा वर केलेल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मोटारींचे मालक छताच्या झालरीकडे पाहू लागले. एकाला एकदम फोन आला. एकानं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला, पण त्याला चष्माच नव्हता. पुसत होता ते पेन.

बाईंना राग आला नाही. त्यांनी मांडीवरचा नारळ आबांच्या मांडीवर ठेवला, उठल्या आणि गाडीचं पुढचं दार उघडून आत बसल्या.

"झिपरू, चालू कर."

"अक्का, फीत..."

"ती काय लोखंडाची आहे?"

झिपरूनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि सायरन लावला. फीत ताणली, फाटली. फुगे फटाफट फुटले. माइकवर ललित "अरे अरे" म्हणाला ते साऱ्या बाजारपेठेला ऐकू गेलं. पहिल्या वळणापर्यंत आबांचं बॅनर काचेवर फडफडत राहिलं, मग उडून गटारात गेलं.

मोगरपाड्याच्या अलीकडे नाला होता. पुढे गाडीला वाटच नव्हती. नाल्याच्या काठावर चार जणांनी झोळी खाली ठेवली होती, आणि झोळीजवळ चिखलात गुडघाभर माखलेली एक बाई उभी होती. सुपडूची बायको, लताबाई. गाडीतून शाल पांघरलेली शेठाणी उतरते आहे हे पाहून तिनं हात जोडले नाहीत. तिनं झेंडूच्या माळा पाहिल्या.

"मना नवरा आठे मरी राह्यना," ती म्हणाली, "आनि तुम्ही गाडीले फुलं लाई राह्यनात?"

त्या नजरेत जे होतं ते बाईंनी चटकन ओळखलं. आयुष्यभर पडद्याआडून त्या स्वतः गावाकडे तसंच बघत आल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणी त्यांच्याकडे तसं पाहिलं. त्यांनी झोळीचं एक टोक धरलं.

पिंपळनेरच्या दवाखान्यात सुपडूला इंजेक्शनं मिळाली, तिथून धुळ्याला नेलं, आणि माणूस वाचला. पायाची दोन बोटं काळी पडून गेली, पण लंगडत का होईना, पुढच्या हंगामाला तो बांधावर होता.

इकडे गावात आबांनी आरडाओरडा केला नाही. मोठ्या माणसांचा राग हसऱ्या तोंडाचा असतो. बाई दिसल्या की ते वाकून नमस्कार करायचे. मात्र पंपावर डिझेल मागितलं की पोरगा म्हणायचा, आबांची चिठ्ठी आणा. गॅरेजवाल्या कौतिकला गाडीचा एक साधा पट्टा मिळेनासा झाला. मुंबईहून यायचाय, म्हणायचा, जसा काही तो बोटीतून येणार होता. मीटिंगला समितीतलं कुणी येईना. गाडी बसस्टँडमागे उभी राहिली, तिच्याखाली कुत्री झोपू लागली.

बाईंचा मुलगा अर्पित दुकान बघायचा. त्याच्या गल्ल्यालाही या सगळ्याची झळ लागायला लागली होती.

"मम्मी, आबांची माफी मागून टाक. आपल्याला इथंच राहायचंय."

"मागेन," बाई म्हणाल्या. "आधी मला एक काम आहे."

काम असं की त्या एसटीनं निघाल्या, पुढे चालत नाला ओलांडला आणि मोगरपाड्यावर लताबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गाडी कशी बंद पाडली, कुणी पाडली, ते सगळं सांगितलं. लताबाई भगर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"मंग? माले कसाले सांगी राह्यनी, शेठाणी? ज्यासनी बंद करी त्यासले सांग."

खरंच, आपण इथं कशाला आलो? वाट तुडवत आलो ते काय ऐकायला? तुम्ही होतात म्हणून माझं कुंकू वाचलं, हे? म्हणजे नवऱ्याचाच रोग, फक्त भिंतीवर नाव रंगवण्याऐवजी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. आजवर गावाचा केला तेवढा तिरस्कार त्यांना त्या क्षणी स्वतःचा वाटला.

लताबाईनं सूप खाली ठेवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

"पैसा नही आमनाकडे," ती म्हणाली. "माणसं शेतस. आठून नालापावत रस्ता आम्ही करी दिसूत. गाडी तू पाह्य."

दुसऱ्या दिवशी बाई आबांच्या बंगल्यावर गेल्या. आबा झोपाळ्यावर होते. माफी येणार हे कळल्यामुळे त्यांनी ललितलाही बोलावून ठेवलं होतं. माफीला साक्षीदार हवा.

"चुकलं माझं, आबा," बाई म्हणाल्या. "तुमचा समारंभ मोडला. मी तुम्हाला दुसरा देते."

"अहो, त्यात काय वहिनी..."

"बसस्टँडमागे आमची मोकळी जागा आहे. तिथं गाडीला शेड बांधू. शेडला नाव तुमचं. शेठचं नाव मी गाडीवरून काढून टाकणार आहे. गाडी कोरी राहील, तिच्यापुढे परत कुणी काही बांधायचं नाही, आणि कुणाचा नवस तिच्यात बसायचा नाही. शेडवर मात्र काय हवं ते लिहा."

झोपाळा थांबला. बाईंना वाटलं, म्हातारा चिडणार. नवसाचा टोमणा सरळ होता. पण आबा पुढे वाकले आणि एखाद्या पोरानं पतंगाबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नाव केवढं?"

"जेवढी भिंत तेवढं."

संध्याकाळपर्यंत कौतिककडे मुंबईचा पट्टा आला.

मग बाईंनी गावाला चारा घालायला सुरुवात केली. शेडचं उद्घाटन झालं. शेडमधल्या पंख्याचं झालं. नातेवाइकांना बसायच्या बाकाचं झालं, पाण्याच्या टाकीचं झालं, टाकीच्या झाकणाचंसुद्धा एका सराफानं हट्टानं करून घेतलं. प्रत्येकाला फीत, कात्री, हार, नावाचा फलक आणि पेपरात फोटो. त्या बदल्यात कुणी वर्षभर टायर बघायचं, कुणी ऑक्सिजन, कुणी डिझेल. ज्याचं काम राहिलं त्याच्या फलकावर बाई बोलता बोलता पोतं टाकून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी काम झालेलं असायचं. मांडवात भाषणं चालू असताना गाडी बहुधा तिथं नसायचीच; ती कुठल्या तरी पाड्यावर गेलेली असायची आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

"या लोकांचा तुला राग नाही येत, मम्मी?" अर्पितनं एकदा विचारलं.

"राग बरोबरीच्या माणसाचा येतो," बाई म्हणाल्या.

मोगरपाड्याच्या लोकांनी शब्द पाळला. उन्हाळ्यात वाडीवाडीची माणसं मुरूम टाकायला आली. ही बातमी आबांना लागली, आणि रस्ता हा शेडपेक्षा लांब असतो हे त्यांच्या ध्यानात आलं. एका सकाळी ते ललित आणि फोटोग्राफर घेऊन नाल्यावर हजर झाले. बाईही तिथंच होत्या, झाडाखाली दगडावर. त्यांनी आबांना अडवलं नाही. बोटानं फक्त लताबाई दाखवली.

"कापायचं कुठं?" ललितनं तिला विचारलं.

लताबाईनं दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"फीत-बीत काही नही आठे. घमेलं शे." तिनं मुरमानं भरलेलं घमेलं आबांच्या हातात दिलं. "आठे वनात ते बरं व्हयनं, आबा. बठ्ठा माणसं लागनात कामले, तुम्हीन बी लागा."

फोटोग्राफरसमोर नाही म्हणता येईना. आबांनी घमेलं ओतलं. फोटो निघाला. घमेलं परत द्यायला ते वळले तोवर सुपडूनं दुसरं भरून त्यांच्या हातात ठेवलं होतं. पांढऱ्या कपड्यांवर लाल धूळ बसत गेली. आजूबाजूची माणसं हसत नव्हती; ओळीत एक हात वाढला म्हणून त्यांनी जागा करून दिली होती, बस. प्रेमकुंवरबाईंनी तोंडाला पदर लावला. बऱ्याच वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. आबा अर्ध्या तासानं कंबर धरून मोटारीत बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात तो रस्ता त्यांनीच केला होता.

गाडी आता नाला ओलांडून पाड्याच्या खालच्या अंगाला जाते. पुढच्या चढावर खडक आहे, तिथं अजून झोळीच लागते. गाडीसाठी येणारा फोन आता बाईंकडे असतो. वरच्या पाड्यावरची एक म्हातारी गेल्या बाजारात त्यांना भर रस्त्यात बोलली, की झिपरू खड्ड्यातून गाडी फार आपटतो, तिची सून कळांनी ओरडत होती. शेजारच्या दुकानदाराला वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या घरच्या बाईला कोण कुठली म्हातारी असं बोलते म्हणजे काय! बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या म्हातारीला म्हणाल्या, "कुठला खड्डा, ते नीट सांग," आणि तिथंच उभ्या राहून ऐकत राहिल्या.